घर छान ठेवलंय

अन्याय झाला शकुंतला रणपिसे यांच्यावर. टपाल खात्यातून निवृत्त, राहणार वारजे, नदीकडची गल्ली, शेवटचं घर. झाला तो गेल्या वर्षी, आषाढ पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या बुधवारी, दुपारी चहाच्या वेळी. वार नीट वाचून घ्या, कारण तिथेच सगळे चुकतात. लोकांना वाटतं, अन्याय आदल्या शुक्रवारी पहाटे झाला, मुठा घरात शिरली तेव्हा. नाही. नदीनं नुकसान केलं. अन्याय करणं नदीला जमत नाही. त्यासाठी गळ्यात ओळखपत्र लागतं, हातात टॅब लागतो आणि समोरच्या बाईनं आपुलकीनं पुढे केलेला चहाचा कप लागतो.

यंदाचा आषाढही आलाच. पाऊस लागून राहिलाय आणि मध्ये पेपरात धरणाचा फोटो आला. दरवाज्यांतून कोसळणारं पांढरंशुभ्र पाणी, खाली ठळक मथळा, पुणेकरांची चिंता मिटली. मिटली असेल. ज्या पुणेकरांची चिंता नळाला पाणी येण्याची असते त्यांची मिटते. ज्यांची चिंता मोरीतून पाणी येण्याची असते त्यांची त्याच फोटोपासून सुरू होते. एकच बातमी वाचून टेकडीवरच्या सोसायट्यांत भज्यांचं पीठ भिजवलं जातं आणि आमच्या गल्लीत बायका गव्हाची कोठी वरच्या मजल्यावर चढवायला घेतात. मग संध्याकाळी टेकडीवरची माणसं गाड्या काढून पाणी बघायला खाली येतात. आमच्याकडेच येतात. पुलावर.

मी आणि बाबा शकूमावशींच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली मावशी. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, म्हणून घर त्यांचं असून वरचा मोकळा वारा आमचा आणि खालची ओल त्यांची. मागच्या आठवड्यात मी दूध द्यायला खाली गेले तर मावशी भिंतीकडे तोंड करून उभ्या. हातात ओलं फडकं.

"प्रज्ञा, इकडे ये. ही बघ. आली परत."

भिंतीवर रेघ उगवली होती. खिडकीच्या कठड्याच्या बरीच वर, माझ्या खांद्याला लागेल अशी, फिकट तपकिरी, चहा सांडून वाळल्यासारखी. एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पट्टीनं आखावी तशी सरळ. गेल्या वर्षी ती घासून, त्यावर ब्लीचिंग पावडर फासून, वरून चुन्याचे दोन हात दिले होते. वर्षभर भिंत पांढरी राहिली. यंदा हवेत ओल भरली आणि भिंतीनं आतलं बाहेर काढलं.

"पुसू नका," मी म्हटलं.

"पुसत नाहीये. नुसतं बघतेय," मावशी म्हणाल्या. पण फडकं हातातून खाली ठेवलं नाही.

त्या शुक्रवारचं मला काय आठवतं? आधी आवाज आठवतो. मोरीच्या जाळीतून बुडबुड्यांचा, कुणीतरी खालून हसतंय असा. लोकांना वाटतं पूर नदीकडून चालत येतो. तो आधी मोरीतून येतो, संडासातून येतो, काळा आणि ऊबदार. सावध राहा असा मेसेज गल्लीच्या ग्रुपवर आला तेव्हा मावशींच्या चपला पलंगाखालून बाहेर तरंगत आल्या होत्या. बाबांनी आणि मी मावशींना दोन्ही बगलांत धरून जिना चढवला. प्रत्येक पायरीला त्या म्हणत होत्या, "अगं, गॅस बंद केलाय का? अगं, दाराला कडी घातली का?" कडी घातली होती. नदीनं ती काढली.

वरच्या गॅलरीतून आम्ही बघत होतो. गॅसचा सिलिंडर खिडकीच्या गजांवर आपटून ठणठण वाजत होता, देवळातली घंटा कुणी उलट्या हातानं वाजवावी तसा. कापसाची गादी आधी फुगली, मग बुडाली. मग मागचं दार उघडलं आणि फ्रीज बाहेर आला. पाठीवर पडलेला, दार आकाशाकडे. दारावर मावशींच्या नातवानं लावलेलं अशोकचक्राचं मोठं निळं स्टिकर. परसातून, पेरूच्या झाडाला एक वळसा घालून, कुंपणावरून निघून गेला. मावशी एवढंच म्हणाल्या, "आत काल लावलेलं दही होतं."

मग पोपटअण्णा आले. अण्णा मूळ गावकरी. ज्या जमिनीवर आज आमची अख्खी गल्ली उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांचा ऊस होता. ट्रॅक्टर घेऊन आले, मागे ट्रॉली. ट्रॉलीत आम्ही, कुत्री, कुणाची तरी शिलाई मशीन. पुलाखालून जाताना वर बघितलं तर कठड्याला माणसं चिकटलेली. छत्र्या, रेनकोट, हातात मक्याची कणसं, आणि कणसं नव्हती त्या हातांत मोबाईल. पाऊस मोबाईलवर पडू नये म्हणून नवऱ्यांवर बायकांनी छत्र्या धरलेल्या.

अण्णा खालून ओरडले, "आरं, शूटिंग काय काढताय! दोरी टाका, दोरी!"

वरून एकानं मोबाईल आमच्याकडे वळवला. अण्णांचंही शूटिंग झालं.

तो वास मात्र शब्दांत येणार नाही. पाणी शनिवारी उतरलं आणि मागे गाळ राहिला. गाळ म्हणजे कवितेतली माती नव्हे. डिझेल, ड्रेनेज, कुजका पाला आणि कुठल्यातरी कारखान्याचं काहीतरी, असं सगळं एकजीव झालेलं. तो बोटांच्या बेचक्यांत बसतो. भांडं तीनदा घासून चहा केला तरी चहात उतरतो. प्लायवूडचं कपाट पुरीसारखं फुगून दारं मिटेना. स्विचबोर्डातून पाणी ठिबकत होतं. कोठीतल्या गव्हाला दोन दिवसांत मोड आले. पांढरे, कोवळे, इतके निरोगी की बघून राग यावा.

आता ती गोष्ट, जी आमच्याच गल्लीत होऊ शकते.

आषाढ पौर्णिमेला आमचा वर्षावास सुरू होतो. पावसाळाभर रोज संध्याकाळी एकेका घरी ग्रंथवाचन, अख्खी गल्ली पांढऱ्या कपड्यांत त्या घरात गोळा होते, वंदना होते, वाचन होतं, खीर होते. कुणाची पाळी कधी हे आधीच ठरलेलं असतं. मंगळवारची पाळी मावशींची होती. सगळ्यांनी सांगितलं, मावशी, यंदा राहू द्या, विहारातसुद्धा गाळ आहे. मावशींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पदर खोचून पावडं हातात घेतलं.

"ह्या गल्लीत वर्षावासाला कधी खंड पडलेला नाही. माझ्या घरामुळे पडणार नाही."

मग काय, सगळे आले. ज्यांच्या स्वतःच्या घरात घोटाभर गाळ होता तेही आले. पावड्यानं गाळ ओढला, घमेल्यांनी बाहेर टाकला. अण्णांनी पाण्याचा टँकर पाठवला. भिंती घासल्या, जमीन घासली, चुन्याचे हात दिले. गादी, कपाट, टीव्ही, मोड आलेले गहू, सगळं रस्त्याच्या कडेला गेलं आणि महापालिकेच्या गाडीनं उचलून नेलं. मीही बादल्या ओतल्या. पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओतीन. मंगळवारी संध्याकाळी ओल्या फरशीवर प्लास्टिक अंथरून आम्ही बसलो, अर्ध्या बायकांच्या अंगावर वरच्या मजल्यांवरून मागून आणलेल्या पांढऱ्या साड्या, चार्जिंगच्या दिव्याचा उजेड, नव्या चुन्याचा वास. चुन्याचा! गाळाचा नाही. त्या वासानं मला रडू आलं होतं. आणि त्या पांढऱ्या भिंतीपुढे बसून मावशी वाचत होत्या, आवाज न थरथरता.

बुधवारी दुपारी विमा कंपनीचा सर्वेक्षक आला.

विम्याचं सांगते. वरचा मजला चढवायला मावशींनी बँकेकडून कर्ज घेतलं होतं. त्या कर्जाला घराचा विमा चिकटून आला. कागदांच्या चवडीत सही करा म्हटलं तिथे मावशींनी सही केली. त्यात पूर होता, घरातलं सामानही होतं. दर वर्षी हप्ता खात्यातून आपोआप कापला जायचा. हप्ता कापताना घर कसं आहे, नीट आहे का, मुळात आहे का, हे बघायला कधीही कुणी आलं नाही. बघायला माणूस पहिल्यांदा आला तो द्यायची वेळ आली तेव्हा.

माणूस सभ्य होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तुम्हाला वाटेल मी त्याला राक्षस करणार. त्यानं बूट दाराबाहेर काढले. मोजे कोरडे राहिले, एवढी फरशी स्वच्छ होती.

"या साहेब. बसा."

"नको मावशी, काम करतो आधी. पाणी किती आलं होतं?"

"हे इथवर." मावशींनी हात खिडकीच्या कठड्याच्या बराच वर धरला.

"खूण कुठे दिसत नाही."

"पुसली ना. काल घरी कार्यक्रम होता आमच्याकडे."

"अच्छा. आणि सामानात काय काय? फ्रीज लिहिलाय तुम्ही."

"गेला."

"गेला म्हणजे?"

"वाहून गेला, साहेब. नदीत."

"मग त्याचा फोटो मी कसा काढू?" असं म्हणून तो हसला. मावशीही हसल्या. पाहुणा हसला की यजमानीण हसते, त्यातलं.

त्यानं पांढऱ्या भिंतीचे फोटो काढले. स्वच्छ फरशीचे काढले. खिडकीचा एक काढला. रस्त्याकडेला काय टाकलं होतं, वायरिंगचं काय, प्लास्टर ठोकलं तर कसा आवाज येतो, यातलं काही विचारलं नाही. मग बसून चहा घेतला, बरोबर दोन बिस्किटं, आणि निघताना दारात बूट घालत म्हणाला, "घर मात्र छान ठेवलंय, मावशी."

संध्याकाळभर मावशी हे वाक्य सांगत होत्या. समोरच्यांना, शेजारच्यांना, मागून घेतलेल्या फोनवर नागपूरला मुलीला. "साहेब म्हणाले, घर छान ठेवलंय. आणि चहा सगळा प्यायला गं, कपात थेंब ठेवला नाही."

हे थेंबाचं तुम्हाला कळणार नाही, किंवा अगदी चटकन कळेल. तुम्ही कोण आहात त्यावर आहे. मावशी नोकरीला नव्या लागल्या तेव्हा ऑफिसातली एक बाई त्यांच्या खोलीवर आली होती, अशीच एका रविवारी. मावशींनी नवे कप काढले. बाईंनी कपाकडे बघितलं, फळीवरच्या भांड्यांकडे बघितलं, कोपऱ्याकोपऱ्यात नजर फिरवली आणि म्हणाल्या, "माझा उपवास आहे हो." दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं, कसलाही उपवास नव्हता. त्या रविवारपासून मावशींच्या घरात कोपऱ्यातसुद्धा धूळ म्हणून दिसलेली नाही. कुणी कधीही दार वाजवावं, कुठेही बोट फिरवून बघावं. एका बाईनं नाक मुरडलं त्याची किंमत दुसरी बाई आयुष्यभर गुडघ्यांवर बसून फरशी पुसत मोजते. आणि इतक्या वर्षांनी एक साहेब येतो, बूट काढतो, कप रिकामा करतो आणि घर छान आहे म्हणतो.

तेच वाक्य पत्रात आलं. इंग्रजीत, पण मावशींचा जन्म पत्रं वाचण्यात गेलेला. तपासणीच्या वेळी घर स्वच्छ व सुस्थितीत आढळले. पुरामुळे नुकसान झाल्याचा पुरावा आढळला नाही. सबब दावा नामंजूर.

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "प्रज्ञा, मी खोटं बोलले असं म्हणतायत का गं हे?"

"तसं लिहिलेलं नाही, मावशी."

"लिहिलेलं नाही. म्हणतायत मात्र तेच."

पोपटअण्णांचं गोडाऊन नदीच्या त्याच अंगाला आहे. त्यांचा विमा दुसऱ्या कंपनीचा. त्यांनी महिनाभर गाळाला हात लावला नाही. सर्वेक्षक आला, नाकाला रुमाल लावून दारातूनच फोटो काढले आणि दावा मंजूर झाला. अण्णा हे सांगायला आले तेव्हा ओशाळलेले होते.

"पोरी, आमी हुशारीनं न्हाय ठिवलं तसं. आळसानं ठिवलं. आता त्यालाच पैकं मिळालं, काय करू?"

"अण्णा, तुमच्या गाळाला पुरावा म्हणतात," मी म्हटलं. "आमच्या घरात गाळ ठेवला असता तर म्हणाले असते, ही वस्तीच अशी."

"त्ये बी खरं हाय," अण्णा म्हणाले. मग, "मी येतो की साक्षीला. कुटं यायचं सांग." अण्णांचं लेखी निवेदन आम्ही पाठवलं. कंपनीनं कळवलं, शेजारी हे हितसंबंधी असल्यानं ग्राह्य धरता येत नाही. आमच्या घरात किती पाणी होतं हे फक्त लांब राहणाऱ्या माणसानं सांगितलेलं चालतं.

निखिल माझ्या वर्गातला. खराडीत काचेच्या इमारतीत अशाच एका कंपनीचे दावे तपासतो. मावशींच्या कंपनीचे नाही, पण धंदा तोच. त्याला इमारतीखालच्या टपरीवर गाठलं.

"अगं, आम्ही घर बघतच नाही," तो म्हणाला. "फोटो बघतो. फोटोत डॅमेज नाही दिसलं तर सिस्टीम पुढेच जात नाही."

"फोटो धुतलेल्या घराचा असेल तर?"

"मग धुवायचं नाही ना! साधी गोष्ट आहे. वेट करायचं."

"गाळात?"

"लिटरली दोन-चार दिवस, यार. तू फार पर्सनली घेतेस."

"घर आहे निखिल. घर पर्सनलच असतं."

त्यानं चहाचे पैसे दिले. हा खरं तर चांगला मुलगा आहे. पण त्याच्या घरात मोरीतून कधी काही वर आलेलं नाही.

पुरानंतर गल्लीत उभी राहिलेली आमची समिती म्हणजे मी, दोन निवृत्त शिक्षक आणि ज्याच्या दुकानात पत्रकं निघतात तो झेरॉक्सवाला. यंदा धरणाचा फोटो पेपरात आल्याबरोबर मी पत्रक लिहायला घेतलं. मथळा ठळक केला, पाणी उतरल्यावर घर साफ करू नका. सर्वेक्षक येईपर्यंत काही हलवू नका, काही पुसू नका. मावशींना वाचून दाखवलं. मला वाटलं, शाबासकी देतील.

"हे छापू नकोस," मावशी म्हणाल्या.

"मावशी, याच्यामुळेच तुमचा दावा गेला."

"मग गेला. तू मला सांगतेस, मी घाणीत बसायचं, का, तर साहेबांना माझं नुकसान नीट दिसावं. तू बसशील? तुझ्या बाबांना बसवशील?"

"फक्त फोटो काढेपर्यंत."

"आमच्या किती पिढ्या घाणीत बसल्या, ते बघायला साहेब रोजच येत होते. काय दिलं त्यांनी?" हे त्या ओरडून बोलल्या नाहीत. गहू निवडता निवडता बोलल्या. "नुकसान माझं झालं ना? मग मी ते माझ्या पद्धतीनं आवरणार. त्यांना बघायचं होतं तर दुसऱ्या दिवशी यायचं."

आम्ही दोन दिवस एकमेकींशी बोललो नाही. मग मी पत्रक बदललं. नवा मथळा, पाणी उतरल्यावर चोवीस तासांत सर्वेक्षक पाठवा, नाहीतर आमचा शब्द माना. माझा पहिला मथळा कंपनीसाठी लिहिलेला होता, हे मला मावशींच्या गव्हाच्या सुपासमोर कळलं. आमच्याच माणसांना गाळात बसायला सांगत होते मी, आणि वर स्वतःला लढणारी म्हणवत होते.

भिंतीवरच्या रेघेचे फोटो मी त्याच दिवशी कंपनीला पाठवले. हा घ्या पुरावा, भिंतीनं स्वतः दिलेला. उत्तर लगेच आलं. नाही म्हणायला यांना कधी वेळ लागत नाही. ही जुनी ओल असून देखभालीच्या अभावामुळे निर्माण झालेली आहे. अशा नुकसानीला विम्याचे संरक्षण नाही.

बघा आता. गेल्या वर्षी घर इतकं छान ठेवलेलं होतं की नुकसान झालंच नव्हतं. यंदा घर इतकं वाईट ठेवलंय की भिंतीला ओल आली. बाई तीच, भिंत तीच, फडकं तेच. शकुंतला रणपिसेंनी घर नेमकं किती स्वच्छ ठेवावं म्हणजे कंपनीचं समाधान होईल, हे कंपनीनं एकदा लिहून द्यावं. आम्ही तसं ठेवू.

खालची खोली आजही अर्धी आहे. वायरिंग नाही, माझ्या खोलीतून वायर सोडून एक बल्ब लावलाय. प्लास्टर टिचकी मारली की पोकळ वाजतं आणि रात्रीतून कधीतरी एक तुकडा खाली येतो. सकाळी मावशी तो झाडून टाकतात. नागपूरहून मुलगी रोज फोन करते, "आई, विकून टाक आणि ये इकडे." गल्लीत बिल्डरची माणसं फिरतायत, फुटलेल्या घरांचा भाव त्यांना बरोबर कळतो. मावशी फोनवर एकच सांगतात, "येईन. पण खोटी ठरून येणार नाही." रकमेपेक्षा त्यांना ते पत्र मागे घ्यायला हवंय. तक्रार आता विमा लोकपालांकडे आहे. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही, पण पुरावा लागतो. श्रावणात सुनावणी आहे.

आमच्याकडे पुरावा का नाही, असं निखिलनंही विचारलं होतं. एवढा पूर आला, एकाही माणसाकडे फोटो नाही? नाही. ज्याच्या घरात पाणी असतं त्याच्या हातात मोबाईल नसतो, गादी असते. म्हातारी असते. शिलाई मशीन असते. मावशींचा मोबाईल नदीत गेला, माझा जिन्यात पडून मेला. मोबाईल चालू होते ते फक्त पुलावर.

आणि तिथे आमचा पुरावा आहे. मला माहीत आहे, कारण मी तो बघितलाय. पूर ओसरल्यावर एक व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरला. तुम्हीही बघितला असेल. पुलाच्या कठड्यावरून काढलेला. आधी पाणी, मग आमची गल्ली, मग शेवटचं घर. मावशींच्या खालच्या खिडकीचा फक्त वरचा भाग पाण्याबाहेर. रेघ आज जिथे उगवलीय, बरोबर तिथवर पाणी. मग मागच्या बाजूनं फ्रीज बाहेर येतो, गिरकी घेतो आणि दारावरचं निळं चक्र स्पष्ट दिसतं. आणि कुणाचातरी आनंदी आवाज येतो, "ए, ते बघ, ते बघ! फ्रीज निघाला फिरायला!" मागे हसणारी माणसं.

आम्ही तो व्हिडिओ कंपनीला दाखवला. त्यावर कुणीतरी गाणं चढवलेलं, कडा कापलेल्या, शंभर हातांतून आलेला. कंपनी म्हणाली, हा कधीचा, कुठला, कुणी काढला, सिद्ध करा. मूळ व्हिडिओ आणा आणि काढणारा माणूस आणा. आयुष्यात पहिल्यांदा कंपनीनं काहीतरी रास्त मागितलं.

तेव्हा मी आता कंपनीशी बोलत नाही. तुमच्याशी बोलते. तुम्ही त्या शुक्रवारी पुलावर होतात. कदाचित यंदाही उभे राहाल. तुम्हाला लाज वाटावी म्हणून हे लिहिलेलं नाही. तुमच्या लाजेनं मावशींचं प्लास्टर होणार नाही. मोबाईल काढा. मागे जा, वाढदिवसांच्या, सहलींच्या, दिवाळीच्या मागे, गेल्या आषाढापर्यंत जा. पाणी दिसलं की थांबा. ज्याला गाणं लावलेलं नाही, ज्याच्या कडा कापलेल्या नाहीत, तो मूळ व्हिडिओ पुसू नका. तो घेऊन वारज्यातल्या नदीकडच्या गल्लीत या, शेवटचं घर. दार उघडंच असतं. फरशी स्वच्छ असेल, चहा मिळेल, आणि तो सगळा प्यायचा.

आणि तो आवाज तुमचाच असेल, तर तुम्ही तर याच. माफी मागू नका, आम्हाला ती नकोय. श्रावणात मावशींशेजारच्या खुर्चीवर बसा, आणि लोकपालांनी विचारलं, तुम्ही काय पाहिलंत, की मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तेच वाक्य पुन्हा म्हणा.